आईच्या घड्याळातली गुरुवारची रेघ

विशाल,

बारामतीला दुरुस्तीला न्यायचं म्हणून तू काढून ठेवलेलं तुझ्या आईचं पळायचं घड्याळ, चाललेली वाट नकाशावर रेघेनं दाखवणारं, मी घेऊन चाललोय. ते बिघडलेलं नाही. तू सांगितलंस तसा काल पत्र्याखालून बाहेर येऊन, घड्याळाला उपग्रह सापडेपर्यंत अंगणात खांबासारखा उभा राहिलो आणि मग कालव्यावरून चालून आलो. नकाशावर रेघ सरळ उमटली.

आईची रेघ मात्र दर गुरुवारी डाळिंबाच्या बागेपलीकडं वळायची. मी विचारायचो, "डाळिंबं चोरतीस व्हय गं?"

"घड्याळच येडं हाय," ती म्हणायची.

"गुरुवारचा उपास असंल त्याचा, चक्कर येत असंल," मी म्हणायचो. ती हसायची. विनोद बरा जमलाय, असं मला वर्षभर वाटत होतं.

काल तिच्या जुन्या रेघेवरूनही चालत गेलो. बागेमागं दवाखाना आहे. कंपाउंडर म्हणाला, "काकू वर्षभर इंजेक्शनला यायच्या की." आपल्याला दुखणं कळलं ते तिच्या शेवटच्या आठवड्यात.

दुकानदार घड्याळ दुरुस्त करताना सगळ्या रेघा पुसून टाकेल, म्हणून ते माझ्या मनगटावर नेतोय. चहा झाकून ठेव. आज गुरुवार आहे, बागेपलीकडून वळून येणार, मला उशीर होईल.

— आबा