क्लार्कांचा अंधार

प्रिय मॉड आत्या,

वेस्लीचा नमस्कार पोचावा. गुडघा कसा आहे? विनिपेगची थंडी अजून त्याला छळते का? आम्ही इकडे थंडर बेला बरे आहोत, म्हणजे प्रकृतीने. बाकीचं सांगतो, बसून वाच.

चार वर्षं खपून मी छपाईच्या अक्षरांचं नवं वळण, म्हणजे फॉन्ट, तयार केलं, हे तुला माहीत आहेच. सडपातळ, गुळगुळीत, सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या, अक्षरांच्या टोकांना कसलेही फुलोरे नाहीत. (बाबा त्याला 'उपाशी अक्षरं' म्हणतात.) त्यांच्या सत्तरीला मी चष्म्याच्या दुकानासाठी याच अक्षरांत पोलादी पाटी करून दिली. नुसतं 'clark'. सगळी अक्षरं लहान लिपीतली, कारण हल्ली तेच शोभतं, आणि एकमेकांना अगदी खेटून, कारण तेही शोभतं. पाटी चढली, टाळ्या झाल्या, आणि शेजारच्या पेल्कोनेनबाई रस्त्यापलीकडून ओरडल्या, "हार्लन, दुकान विकलंस? हा डार्क कोण?"

आत्या, सी आणि एल इतके चिकटले होते की त्यांचा डी झाला होता! चष्म्याच्या दुकानावर अंधार! मी बाबांना म्हटलं, मला तर स्वच्छ क्लार्क दिसतंय. त्यांनी मला रस्त्यापलीकडे नेलं, एक डोळा झाकायला लावला, मग दुसरा, आणि म्हणाले, "तुला नाव ठाऊक आहे म्हणून दिसतंय. चाळीस वर्षं मी गावाला अक्षरं वाचायला लावली, आणि आता गावाला माझंच नाव वाचता येईना." एवढं बोलून ते आत गेले. मला फार लागलं.

त्यानंतर टपालवाला 'डार्कसाहेब' म्हणू लागला. एकीने तर फोनवर विचारलं, डोळे अंधारातच तपासता का? शेवटी रविवारी, बोचऱ्या वाऱ्यात, मी शिडी लावून सी उपटला आणि डावीकडे सरकवून पुन्हा बसवला. घाईत जरा जास्तच सरकला. आता एकटा सी एका टोकाला, आणि पुढे 'lark', म्हणजे चंडोल पक्षी. सोमवारी एक गृहस्थ पक्ष्यांचे दाणे मागायला आले. बाबांनी त्यांना बसवलं, डोळे तपासले आणि चष्मा विकला.

सगळ्यांना आठवण सांग.

तुझा वैतागलेला भाचा,
वेस्ली

ता. क. फ्रँककाकांनी हाताने रंगवलेली दुकानाची जुनी लाकडी पाटी तुझ्या गॅरेजमध्ये आहे ना? ती गुपचूप पाठव. बाबांना कळू देऊ नकोस. मी चार वेळा शिडी आणली, पण "पोरानं केलीय, हात लावायचा नाही" म्हणून ते ही पाटी उतरवू देत नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला बाहेर नेऊन दाखवतात. मला मात्र रोज तिच्याखालून जावं लागतं.

ता. ता. क. हे पत्र माझ्याच अक्षरांत छापलं आहे. पाकिटावरचा पत्ता तेवढा हाताने लिहिला. पत्र पोचायला हवं होतं.