नुसते हलणारे ओठ

२ डिसेंबर, सोमवार

एकेकट्यानं बोलायचं! — हे यंदा नवीनच काढलंय. खालच्या गावातल्या मोठ्या शाळेतून हेडमास्तर पेंग यांचा फोन. एकतीस तारखेला नववर्षाचा कार्यक्रम आहे. आमच्या डोंगरावरच्या शाळेनं इंग्रजीतून सहा मिनिटांचं काहीतरी बसवायचं, मी फोनवर त्याचा व्हिडिओ काढायचा आणि परगावी कामाला गेलेल्या आईबापांना पाठवायचा. "आणि छिन गुरुजी, तुमचं ते सगळ्यांनी मिळून ओरडणं नको. आईबाप आपापलंच पोर शोधतात हो."

बरोबर आहे त्यांचं. पण आमच्याकडे पहिल्यापासून सगळं एकसुरात. मी म्हणतो, पोरं म्हणतात. सतरा पोरं, दोन इयत्ता, एक खोली. एकसुरात म्हणाली की छपरावरची धूळ खाली येते. एकेकाला उभं केलं की सगळ्यांना खोकला!

माझं स्वतःचं इंग्रजी रेडिओवरचं. ती बाई बोलताना मध्येच खरखर यायची. काही शब्द मी खरखरीसकट शिकलो असणार.

४ डिसेंबर

लुशेंगनं मार्ग काढला. हा बसमध्ये जन्मलेला पोरगा, म्हणून नावातच 'लु', म्हणजे रस्ता. म्हणाला, "गुरुजी, वर्षअखेरच्या जेवणाचं नाटक करू. खायलाही मिळेल."

खायला मिळणार नाही, हे सांगितलं. पण कल्पना चांगली आहे. प्रत्येकानं घरून एक वाडगा आणायचा. टेबलावर ठेवायचा, वर जेवायच्या काड्या आडव्या, आणि म्हणायचं — हा वाडगा माझ्या आईसाठी. किंवा वडिलांसाठी. मग सगळ्यांनी मिळून: "कम होम!" एवढं एकच एकसुरात राहू दे, मला सोडवत नाही.

जो घरी नाही त्याचा रिकामा वाडगा मांडतात, हे पोरांना शिकवावं लागलं नाही. मलाही कुणी शिकवलं नव्हतं. गेली दोन वर्षं मी एक मांडतो — निळ्या काठाचा, माझ्या बायकोचा, लिएनचा.

८ डिसेंबर, रविवार

रविवार म्हणजे लिएनचा फोन. अकरा वर्षं झाली तिला शांघायला. आता ज्या घरी आहे तिथं पाच वर्षांचा तोंगतोंग सांभाळते. फोनमध्ये मागून त्याचा आवाज येतो — "मावशी, मावशी!" त्याच्या इंग्रजीच्या शिकवणीला ती शेजारी बसते. तो तिच्या उच्चारांना हसतो म्हणे. मी म्हटलं, माझ्याकडे पाठव त्याला, खरखरीसकट शिकवतो. हसली.

मग म्हणाली, "काय गुरुजी, मालकीणबाई विचारताहेत. जानेवारीअखेर सणाला येऊ की राहू? या आठवड्यात सांगायचंय."

मी म्हटलं, "तुझं तू बघ."

दोन वर्षं हेच म्हणतोय. बायकोवर जबरदस्ती करू नये, एवढंच मनात असतं. दुसरं जे मनात असतं ते ओठांपर्यंत येतं आणि तिथंच राहतं. ती "बरं," म्हणाली. मग मिरच्या वाळल्या का, डुक्कर किती वाढलं, हे सगळं विचारून झालं.

ये, एवढं एकच अक्षर होतं!

९ डिसेंबर

आज फोन करून सांगावं म्हटलं. केला नाही.

१० डिसेंबर

आज मला माझी फार लाज वाटली.

एकेकाला उभं करून वाक्य म्हणवून घेत होतो. दुसरीतली छुनया उभी राहिली. ओठ हलले, आवाज नाही. मी म्हटलं, मोठ्यानं. परत ओठ हलले. अगदी बरोबर हलत होते, शब्द न् शब्द. आवाजच नाही.

मागून लुशेंग म्हणाला, "ती तसंच करते गुरुजी. पहिलीपासून."

"मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाही!"

दीड वर्ष. सतरा तोंडांच्या गलक्यात एक आवाज कमी आहे, हे माझ्या कानांना कळलं नाही. तिच्या प्रगतिपुस्तकात मी स्वतःच्या हातानं लिहिलंय — वाचन उत्तम.

११ डिसेंबर

सकाळी नेहमीसारखा झऱ्यावर गेलो. तिथल्या दगडी गुआनयिन देवीपुढे उदबत्ती लावली, मणी ओढत नाव घेतलं. मी नाव नेहमी मनात घेतो. कुणी पाणी भरायला आलं तर अवघडल्यासारखं होतं. ओठ तेवढे हलतात.

हिच्या नावाचा अर्थच जगाचा आवाज ऐकणारी. आणि मी तीस वर्षं हिच्यापुढे येऊन नुसते ओठ हलवतो. त्या पोरीला मी काय बोलणार!

१५ डिसेंबर, रविवार

छुनयाच्या आजीकडे जाऊन आलो. चुलाणावर मांस धुराला टांगलेलं, खाली म्हातारी काठीनं निखारे सारत बसलेली. बसायच्या आत ताटली पुढे.

"आज पौर्णिमा आहे, आजी. मी मांस खात नाही."

"तुमच्या देवीला सांगा, म्हातारीनं आग्रह केला. पाप माझ्या खाती घालेल ती."

खाल्लं नाही. तिनं मुळा दिला आणि वर, "असल्या गवतावर म्हणून आवाज बारीक तुमचा!" असंही ऐकवलं.

मग मी पोरीचं काढलं. म्हातारी बराच वेळ निखारेच सारत राहिली.

छुनयाची आई दूर वेनझोऊला बुटांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी ती फोनवर बोलत असताना पोरगी फार रडली, किंचाळून. आईला फोन ठेववेना. दुसऱ्या दिवशी आईच्या बोटातून सुई गेली. नखातून आरपार. "आणि माझ्या तोंडून गेलं गुरुजी — तुझ्या रडण्यानं आईचं बोट शिवलं गेलं. म्हातारीची जीभ! सकाळी बोलले, दुपारी विसरले. ती नाही विसरली."

तेव्हापासून फोनवर नुसते ओठ हलवते. आईला वाटतं, तिकडे रेंज नाही.

"घरात बोलते?"

"डुकराशी बोलते. हळू. माझ्याशी कामापुरतं."

उठताना म्हातारीनं माझी बाही धरली. "वाडगा काढून ठेवलाय तिनं. रोज धुते."

संध्याकाळी लिएनचा फोन. राहते म्हणून सांगून टाकलं म्हणाली. शब्द दिला. मी "बरं" म्हटलं.

१७ डिसेंबर

आजीकडून नंबर घेऊन छुनयाच्या आईला संदेश लिहिला. तीनदा खोडला. शेवटी सरळच लिहिलं: तुमची मुलगी तुमच्या बोटाला घाबरते. बोट बरं असेल तर दाखवा.

२० डिसेंबर

आलं! बारा सेकंदांचा व्हिडिओ. चेहरा नाही. मागे यंत्रांचा घरघराट, पुढे एक हात. उघडतो, मिटतो. पाची बोटं एकेक करून हलतात. मग तर्जनीवर दोरा गुंडाळून झटक्यात तोडते. बस.

मधल्या सुटीत छुनयाला वऱ्हांड्यात बोलावून दाखवला. तिनं परत लावायला खूण केली. मी परत लावला. तिसऱ्यांदा तिनं काचेवर बोट ठेवलं, आईच्या बोटावर.

"नख परत आलं?"

इतका हळू आवाज की मला वाटलं, झाडावरून काही पडलं. मी म्हटलं, "आलं की. बघ." ती बघत राहिली. मी आकाशाकडे बघत राहिलो. मुलांसमोर डोळे पुसायचे नसतात.

२१ डिसेंबर

वर्षातला सगळ्यात लहान दिवस. तरी संपता संपेना.

२६ डिसेंबर

हेडमास्तर पेंग मोटारसायकलवरून तालीम बघायला आले. पोरांच्या सतरा रिकाम्या वाडग्यांकडे बघून त्यांचं तोंड पडलं. "गुरुजी, नववर्ष आहे! रडकं नको. फुगे लावा."

"वाडग्यांना?"

"कुठेही लावा."

लावले. लुशेंगचा फुगा फुटला, दचकून त्याच्या हातातला वाडगा पडला आणि तडा गेला. तोच आणणार म्हणतो. "बाबा असंच काहीतरी फोडतात घरी आले की. ओळखतील!" हेडमास्तर हसले आणि मग तो तडकलेला वाडगा हातात घेऊन बघत राहिले. त्यांचाही मुलगा शेनझेनला कामाला असतो.

छुनयानं तालमीत वाक्य म्हटलं नाही. वाडगा ठेवला, काड्या ठेवल्या, ओठ हलवले. मी पुढच्याला बोलावलं. कुणीही हसलं नाही. लुशेंगसुद्धा.

३१ डिसेंबर, मंगळवार

झालं.

आजी-आजोबा पायांशी निखाऱ्यांची टोपली घेऊन बाकांवर. एका अक्षराचा अर्थ कुणाला कळत नव्हता, पण प्रत्येक पोराला टाळ्या. "काय म्हणाला?" — "कोण जाणे, पण छान म्हणाला!" लुशेंग ठरलेलं सोडून पुढे म्हणाला, वडिलांना मिरची आवडते. इंग्रजीत! मी शिकवलं नव्हतं. कुठून आणलं देव जाणे.

मी फोन धरून समोर उभा.

छुनया शेवटून दुसरी. वाडगा ठेवला. वर काड्या ठेवल्या. एक तिरकी झाली, ती सरळ केली. बाकांवरची कुजबुज थांबली. तिची आजी तोंडावर बाहीचं टोक दाबून बसली होती. पोरीनं आपली तर्जनी वर केली आणि त्या बोटाकडे पाहिलं. आपल्याच. जणू खात्री करून घेत होती. आणि म्हणाली. मोठ्यानं नाही. पण प्रत्येक शब्द. हा वाडगा माझ्या आईसाठी.

मग सगळ्यांचं मिळून "कम होम!" तीनदा. छपरावरची धूळ पडलीच. मी फोन धरून होतो, सवयीनं ओठ हलवले त्यांच्याबरोबर.

आईबापांना पाठवलं. लिएनलाही पाठवलं. मुलांचं बघ, एवढंच लिहिलं.

३ जानेवारी

छुनया सकाळी वाटेवरूनच ओरडत आली. ओरडत! आई येते म्हणाली. तिकीट मिळालं तर. "मिळेल ना गुरुजी?" मी म्हटलं, मिळेल. मला काय ठाऊक. पण आज झऱ्यावर त्याच एका गोष्टीसाठी बसलो.

५ जानेवारी, रविवार

लिएनचा फोन. नेहमीचं "काय गुरुजी" नाही. थेट विचारलं, "शेवटी ओरडलं कोण?"

"मुलं."

"मुलांच्या वर एक आवाज आहे. घोगरा. फोनच्या अगदी जवळ."

मी म्हटलं, असेल कुणी आजोबा. ती म्हणाली, "तीस वर्षं संसार केलाय मी त्या आवाजाशी. नीट ऐका आणि मग बोला."

फोन ठेवून व्हिडिओ लावला. सतरा पोरांच्या गलक्यावर, रेडिओच्या खरखरीसकट, एक माणूस ओरडतोय. कम होम. तीनदा. तिसऱ्यांदा आवाज फाटलाय.

मी तर नुसते ओठ हलवले होते!

परत फोन लावला. तीच बोलली.

"तोंगतोंगला दाखवलं. म्हटलं, याचा अर्थ मला जो वाटतो तोच ना? तो म्हणाला, एवढंही येत नाही मावशी तुला!" मग म्हणाली, "दरवर्षी विचारते मी तुम्हाला. येऊ की राहू. मुद्दाम विचारते. मालकीणबाई कधीच अडवत नाहीत हो. गेली दोन वर्षं तुमच्या 'तुझं तू बघ'वर राहिले. वाटलं, सवय झाली यांना. आता मी म्हणजे एक वाडगा जास्त धुवायचा."

दोन वर्षं! मी समजत होतो, तिला तिकडे बरं वाटतं.

मी म्हटलं, "लिएन, ये."

ती रडली. मग चिडली. "आता? आता म्हणता! मालकीणबाईंच्या सासूचा ऐन सणाच्या तोंडावर पाय मोडलाय, मी शब्द दिलाय. सणाच्या पहिल्या दिवशी दुपारी तेवढी तीन तास सुटी. तीन तासांत कुठे येऊ मी?"

खरं आहे. तीन तासांत कुठे येणार.

१२ जानेवारी

झऱ्यावर आज मोठ्यानं नाव घेतलं. पाणी भरणाऱ्या बायका बघत होत्या. बघू देत.

१५ जानेवारी

शाळेला सुटी लागली. प्रगतिपुस्तकं दिली. छुनयाच्या पुस्तकात 'वाचन' या शब्दापुढे बराच वेळ पेन धरून बसलो. मग लिहिलं — ऐकलं.

२७ जानेवारी, गाडीत

कोंबड्या आणि डुक्कर छुनयाच्या आजीकडे. तिची सून, छुनयाची आई, परवा आली. दारात तिघींचा इतका कालवा चालला होता की शांघायला निघालोय, हे मी सांगितलेलं कुणाला ऐकूच गेलं नाही. जिल्ह्याच्या गावापलीकडे मी कधी गेलो नव्हतो. मांडीवर पिशवी, पिशवीत निळ्या काठाचा वाडगा, फडक्यात गुंडाळलेला. आमचा डबा जवळजवळ रिकामा. समोरून गाड्या येतात त्या खचाखच. सगळे घरी चाललेत. मीही.