दोन टनाचा सूड

१९ एप्रिल, शुक्रवार
गुरुप्रसादकडे माहूजला जेवण. विसेक माणसं. मी स्पार्कलिंग व्हाइट वाईनची बाटली नेली होती, सोनेरी कागद लावलेली. दारात गुरुप्रसाद म्हणाला, अहो चाळकेसाहेब, कशाला तसदी घेतलीत. बाटली घेऊन आत गेला आणि आतून बायकोला म्हणाला, कस्तुरी, ही चाळकेंची मागे ठेव, चिकनला घालायला होईल.

हॉलमध्ये गाणी चालू होती. कुणालाच ऐकू गेलं नाही. मला गेलं. माझे कान हेच माझं भांडवल. आयटीआय अर्धवट सोडून, एक सूटकेस घेऊन बहारीनला आलो. आज जिदहफ्सला स्वतःचं वर्कशॉप, अकरा माणसं. एसीला काय झालंय ते मी मीटर लावायच्या आधी कानाने सांगतो. पुण्याच्या बँकवाल्याला आपल्या बायकोशी हळू बोलता आलं नाही, हा त्याचा दोष.

आणि योग बघा. ते ऐकत होतो तेवढ्यात दुसरंही ऐकलं. त्याचा फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर. गच्चीवरचा एसीचा कंप्रेसर घरघरून दोनदा ठकठक करत होता. म्हातारा झालाय. जून महिना काही काढत नाही. एरवी मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. आज चिकन खाल्लं. चांगलं होतं. बोललो नाही.

मी सूड घेणारा माणूस नाही. मी फक्त गप्प बसलो.

२० एप्रिल
सूड घ्यायचं ठरवलं.

२१ जूनला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. तीच माणसं आमच्याकडे बोलवायची, उम्म अल हस्समला. हॉलमध्ये चकचकीत नळ. नळ सोडला की स्पार्कलिंग वाईन. गुरुप्रसाद नाक खुपसून वास घेणार, डोळे मिटणार, विचारणार, फ्रान्सची का हो? मग मी सगळ्यांसमोर म्हणणार: नाही, चाळकेंची. चिकनला चालेल का?

वाक्य आरशासमोर चार वेळा म्हटलं. हेमाने बाहेरून विचारलं, अहो, आत कोण आहे.

२७ एप्रिल
सगळी माहिती काढली. दुकानातून साधी व्हाइट वाईन आणायची, केगमध्ये म्हणजे झाकणाच्या स्टीलच्या पिंपात भरायची, बर्फासारखी गार करायची आणि वरून खाण्यापिण्याचा कार्बन डायॉक्साइड सोडायचा. बास. गार करणं आणि गॅस भरणं. इतकी वर्षं मी दुसरं केलंय काय? लोक याला कला म्हणतात.

३ मे
व्हिडिओतला माणूस म्हणतो, केग घरातल्या फ्रीजमध्ये ठेवली तरी चालते. तो बिचारा फ्रीजवालाच. मी स्वतंत्र चिलर बांधणार.

गोडाऊनमध्ये दोन टनाचा एक जुन्या मॉडेलचा कंप्रेसर पडून आहे, कोरा. गुरुप्रसादच्या गच्चीवर जो ठकठकतोय, त्याच मॉडेलचा. कंपनीने बनवणं बंद केलंय. अख्ख्या बेटावर हा शेवटचा पीस असणार. अहमदने तो मुद्दाम जपून ठेवला होता.

तो वाईनला लावतो. जूनमध्ये गुरुप्रसाद गावभर कंप्रेसर शोधत फिरेल आणि तो कंप्रेसर त्याच्यासाठीच वाईन गार करत असेल. असं सुचायला डोकं लागतं.

१० मे
चिलर तयार. अहमदने वेल्डिंग केलं. तो रत्नागिरीचा, सोळा वर्षं माझ्याकडे आहे. म्हणाला, शेठ, वीस लिटरला दोन टन? यात बकरा गोठवायचाय काय? मी म्हटलं, प्रेस्टीजचा प्रश्न आहे. तो म्हणाला, मग तीन टनाचा लावायचा.

पाण्यावर टेस्ट केली. फर्स्ट क्लास सोडा आला. अहमद लिंबू पिळून तीन ग्लास प्यायला. मग विचारलं, आत खरं काय भरणार? सांगितलं. ग्लास खाली ठेवून म्हणाला, पाण्यापर्यंत मी, पुढचं तुम्ही आणि तुमचे गुरुप्रसाद. यल्ला, चला.

१७ मे
पहिली वाईन. नळ सोडला. फेस. नुसता फेस. ग्लासात, टेबलावर, हेमाच्या नव्या सोफ्यावर. हेमा म्हणाली, एवढा साबण दाढीला तरी वापरा. कारण सापडलं. नळी आखूड आणि जाड होती. बारीक, लांब नळी लागते, म्हणजे प्रेशर वाटेत उतरतं. मला हे माहीतच होतं, फक्त आठवलं नव्हतं.

२४ मे
यश! चार मीटर बारीक नळी. सोनेरी वाईन, तळापासून चढणारे मोत्यासारखे बुडबुडे, जिभेला चिमटा. हेमाने दोन ग्लास घेतले. म्हणाली, खरंच छान झालीय हो, आता राग गेला असेल. मी म्हटलं, कसला राग?

मग तिने सांगितलं की कस्तुरीचा फोन होता. एसी कमी गार करतोय आणि पुण्याहून गुरुप्रसादची आई यायचीय, तर जाता जाता बघाल का. मी म्हटलं, सीझन आहे, मान वर करायला वेळ नाही. हेमा म्हणाली, काल तीन तास नळ पुसत होतात.

३१ मे
सुपरमार्केटमध्ये गुरुप्रसाद भेटला. सोबत आई. पांढरी साडी, पायात मोजे, व्यवस्थित बाई. गुरुप्रसादने ओळख करून दिली, आई, हे आपले चाळके. आपले! बँकेतली गोड बोलायची सवय. आजींनी माझे कान निरखून बघितले. का, कळलं नाही. गुरुप्रसाद म्हणाला, एसी जरा आवाज करतो, पण चालायचंच. मीही म्हटलं, चालायचंच.

हे बोलताना मला अजिबात वाईट वाटलं नाही. नोंद करून ठेवतो.

१३ जून
अहमद ईदसाठी गावी गेला. जाताना म्हणाला, तो दोन टनवाला कुणाला लागला तर काढून द्या शेठ, हट्ट करू नका. मी म्हटलं, इंशाल्ला. मनात मफी, म्हणजे नाहीच.

२० जून
पंचेचाळीस डिग्री. चिलर हॉलच्या मधोमध आणून बसवला. वाईन एक डिग्रीवर. वाक्य पाठ आहे. शेवटी 'चालेल का' म्हणताना भुवई किंचित वर. जास्त नाही.

२१ जून, शुक्रवार. सकाळी ९.४०
कस्तुरीचा फोन. कंप्रेसर काल संध्याकाळीच बंद पडला. हॉल आणि मागची आजींची खोली, दोन्ही त्याच्यावर. दोन मेकॅनिक येऊन गेले, दोघंही म्हणाले, पार्ट मिळत नाही, खलास.

मी बरोबर महिना सांगितला होता. स्वतःलाच सांगितला होता, पण सांगितला होता.

१०.००
हेमा म्हणाली, आजींना आपल्याकडे आणा. पण कस्तुरी सांगत होती, आजी म्हणतात, समारंभ त्यांच्याकडे, सकाळपासून जाऊन कुठे बसू. ओल्या पंच्याने तोंड पुसत बसल्यात. वय ब्याऐंशी. हेमा चिलरकडे बघत उभी राहिली. तिला मॉडेल नंबर वाचता येतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

मी म्हटलं, नुसतं बघून येतो. बघायला काय जातं.

१०.४५, माहूज
आजींनीच दार उघडलं. कपाळावर घाम, हातात माझ्यासाठी कोकम सरबत. म्हणाल्या, गुरू तुमच्या कानांबद्दल सारखं सांगत असतो. एसी घरघरायला लागला तेव्हा मी त्याला म्हटलं, कुणाला तरी दाखव. तर म्हणाला, आई, चाळके इथे तीन तास बसून गेले, ते काही बोलले नाहीत, म्हणजे एसीला काही झालेलं नाही.

सरबताचा ठसका लागला. आजींनी पाठीवरून हात फिरवला.

१.१०, गच्ची
घरी जाऊन चिलरमधून कंप्रेसर काढून आणला. आता इथे बसवलाय. व्हॅक्यूम पंप चालू आहे, तोवर लिहितो. पान्हा हाताला भाजतोय. गुरुप्रसाद डोक्यावर छत्री धरून उभा आहे, माझ्या डोक्यावर, स्वतःच्या नाही. दोनदा म्हणाला, चाळकेसाहेब, आजच्या दिवशी तुम्ही कशाला. मी म्हटलं, माणसं ईदच्या सुट्टीवर आहेत. हे खरंच आहे.

केग घरी बर्फाच्या टबात ठेवून आलोय. वाईन टिकेल. प्लॅनमध्ये बदल नाही. उलट बरं. उपकाराखाली दबलेल्या माणसाला ते वाक्य जास्त लागेल.

४.३०
एसी चालू. आवाज मऊ, मांजर झोपल्यासारखा. आजी दिवाणावर पाय पसरून म्हणाल्या, आता कान बंद ठेवा आणि घरी जा.

६.४०
बर्फाचं कोमट पाणी झालंय. केग गरम. गरम वाईनमध्ये गॅस मुरत नाही. घाईत प्रेशर वाढवून बघितलं. याला चूक म्हणत नाहीत, प्रयत्न म्हणतात.

२२ जून, सकाळी
कालचं लिहून टाकतो.

सगळे आले. मी नळापाशी उभा राहिलो. गुरुप्रसादला पुढे बोलावलं, ग्लास धरायला लावला, नळ सोडला. ग्लासभर फेस, तळाला चमचाभर वाईन. दुसरा ग्लास, तेच. पाचव्या ग्लासला केगने ढेकर दिली आणि गॅस संपला. उरली ती सपाट, कोमट. लोक म्हणाले, असू दे हो चाळके, डिझाइन छान आहे.

गुरुप्रसादने आपण आणलेली फ्रान्सची बाटली उघडली. ग्लास उंच करून म्हणाला, आज यांच्या लग्नाचा वाढदिवस आणि हा माणूस सहा तास माझ्या गच्चीवर भाजत होता, माझ्या आईसाठी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेमाने सर्वांत जोरात वाजवल्या. मी नुसताच हात जोडून उभा. वाक्य तोंडात तसंच.

जेवण लागलं. गुरुप्रसादने चिकन तिसऱ्यांदा घेतलं. विचारलं, हेमावहिनी, यात घातलंयत काय? हेमा म्हणाली, यांची वाईन, नाहीतर ओतूनच द्यायला लागली असती. गुरुप्रसादने ताटावर चमचा आपटला. कस्तुरीला म्हणाला, बघ, त्या दिवशी मी म्हणालो नव्हतो का! मग सगळ्या हॉलला ओरडून सांगितलं, चिकनला घालावी तर चाळकेंचीच!

वीस माणसं हसली. माझं वाक्य. जवळजवळ शब्द न् शब्द. भुवईसुद्धा वर होती.

मीही चिकन घेतलं. खोटं कशाला लिहू, फार चांगलं झालं होतं.

खाली पोचवायला गेलो. त्याने गाडी सुरू केली. गाडीच्या एसीचा पट्टा बारीक चिरकत होता. दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसतं. तीन आठवडे काढेल, जास्तीत जास्त. भर जुलैत, सौदीला जाणाऱ्या समुद्रावरच्या कॉजवेवर बंद पडेल. मी तोंड मिटून उभा राहिलो.

मागच्या सीटवरून आजींनी काच खाली केली आणि नुसत्या माझ्या कानांकडे बघत राहिल्या.

सांगितलं. सोमवारी गुरुप्रसाद गाडी घेऊन वर्कशॉपला येतोय.