चार इंच

प्रिय विल्फ्रेड,

तुम्ही आमची गाडी चालवलीत ती सगळी वर्षं मी तुम्हाला 'ऑग्डेन' म्हणत आले. आज कागदावर तरी नाव घेते.

गाडी विकायला काढली होती. काल हॅरोगेटहून एक उंच तरुण बघायला आला. मागे बसला, तर गुडघे ड्रायव्हर आणि मागची सीट यांच्यामधल्या काचेला टेकले. "मॅडम, एवढी राजेशाही गाडी, आणि ड्रायव्हरच्या पाठची काच चार इंच मागे! बांधणाऱ्यांनी माप चुकवलं की हो."

आमचे हे जन्मभर तेच म्हणत. गुडघे चोळत बांधणाऱ्यांचा उद्धार करत, आणि मी खिडकीबाहेर बघत असे.

चूक कसली? या गाडीच्या बॉडीची मापं द्यायला कारखान्यात मीच गेले होते. पर्समध्ये तुमच्या गणवेशाच्या शिंप्याची चिठ्ठी होती: पायाची लांबी छत्तीस इंच. जुन्या गाडीत तुम्ही दिवसभर दुमडून बसायचात, उतरताना लंगडायचात आणि वर "काही नाही, मॅडम" म्हणायचात.

त्या तरुणाला मी तुमच्या जागेवर बसवलं. पाय ताणून तो म्हणाला, "वा, इथे कसं ऐसपैस आहे!" मग गाडी त्यालाच दिली.

तुमची नजर अधू झाली आहे, पत्रं बायको वाचून दाखवते, असं ऐकलं. म्हणून हे टपालात टाकणार नाही. पण ही गाडी नवी आली त्या पहिल्या दिवशी तुम्ही पाय लांब केलेत आणि आरशातून माझ्याकडे पाहिलंत.

तेव्हा कळलं होतं ना?

एनिड