जपानी देवाचा कौल

बाबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. तुमच्याशी बोलायचं एवढं एकच राहून गेलंय. तुम्ही जपानहून आणलेल्या त्या कागदाबद्दल आहे. आता सांगून कुणाचं काही भलं होणार नाही हे मलाही कळतं, तरी लिहिते.

अठ्ठ्याहत्तर साल असावं. मी अकरा वर्षांची. तिकडे आखातात, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर तुम्ही पंप सांभाळायचात. नवे पंप जपानी आले म्हणून तुम्हाला दीड महिना जपानला शिकायला पाठवलं. आईला तेव्हा पाचवा महिना होता. आधीची दोन बाळं राहिली नव्हती. ती स्वतः सरकारी दवाखान्यात नर्स, रोज दुसऱ्यांची बाळंतपणं करायची, पण स्वतःचं कुणी विचारलं की भाजीचा विषय काढायची. तुम्ही निघालात तेव्हा मात्र तिने हळूच सांगितलं, तिथे कुठे देव असेल तर पाया पडून या.

आणि तुम्ही पडलात. ती गोष्ट तुम्ही मंगफच्या त्या फ्लॅटमध्ये आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलीत. प्लांटवर पंप बसवायला आलेला जपानी इंजिनिअर तेव्हा सुट्टीवर गावी होता, त्याने एका रविवारी तुम्हाला देवळात नेलं. लाल कमान, लाकडी पळीने हात धुवायचे, चूळ भरायची, नाणं टाकायचं, दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची. तुम्ही आपले आरतीसारख्या टाळ्या वाजवतच राहिलात, शेवटी त्याने कोपराला धरून थांबवलं. मग तो बसची वेळ बघायला गेला आणि तुम्ही बाकीच्यांचं बघून लाकडी डबा हलवला, त्यातून काडी निघाली आणि काडीवरच्या आकड्याचा कागद तुमच्या हातात आला. लोक आपापले कागद तारेला बांधत होते. तुम्हाला वाटलं, हे नवस बांधताहेत. आपल्याला तर गावच्या देवीसारखा कौल मिळालाय, तो घरी न्यायचा. कागद खिशात गेला.

आईने विचारलं, त्यात लिहिलंय काय? तुम्ही हसून म्हणालात, "अगो, नकार कोण छापून देतो होय? लेखी दिलंन म्हणजे होच."

आपले देव स्वयंपाकघरातल्या कपाटात, वरच्या फळीवर असायचे. कौल देवीच्या तसबिरीला टेकून उभा राहिला. रोज आंघोळ करून तुम्ही त्याला हळदकुंकू लावत होतात. तुम्हाला इतकं आनंदात मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि पुढेही नाही. मी मात्र आनंदात नव्हते. बाळ आलं की मला पुण्याला मावशीकडे ठेवायचं ठरलं होतं. आईच्या ड्यूट्या, तुमच्या शिफ्टा, त्यात दोन मुलं कोण सांभाळणार? मावशीला पत्रही गेलं होतं. माझी शाळा, माझी मैत्रीण, खिडकीतून दिसणारा समुद्र, सगळं सोडून मला तिकडे जावं लागणार होतं, आणि कुणी मला विचारलंही नव्हतं. मी रुसून तुमच्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायचे. तुम्ही म्हणायचात, बाईसाहेबांचं डोकं फिरलंय.

आईच्या आठव्या महिन्यात तो जपानी आपल्याकडे जेवायला आला. त्याचं काम संपलं होतं, दोन दिवसांनी तो कायमचा परत जाणार होता. आई पुऱ्या तळतेय, तुम्ही खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, पेप्सी आणायला गेलाय. तो पाणी मागायला स्वयंपाकघरात येतो, देवांना बघून हात जोडतो, आणि मग त्याला तो कागद दिसतो. मी शेजारीच उभी आहे. त्याचा चेहरा उतरतो. तो आईच्या पाठीकडे बघतो, मला खुणेने बाहेरच्या खोलीत बोलावतो आणि मोडक्या इंग्रजीत समजावतो. हा कागद वाईट आहे. वाईट निघाला की घरी आणायचा नसतो, तिथेच बांधून यायचा, म्हणजे वाईट तिथेच राहतं. कागदावर प्रवास, आजारपण, बाळंतपण, सगळ्याची एकेक ओळ आहे, आणि बाळंतपणाची ओळ चांगली नाही. आईसमोर बोलायचं नाही. मला त्यांना तोंडावर सांगवत नाही, तू वडिलांना एकटं गाठून सांग, उद्या प्लांटवर माझ्याकडे द्यायला सांग, मी गेल्या गेल्या देवळात बांधतो. बोलताना तो माझ्यापुढे दोनदा वाकला. अकरा वर्षांच्या मुलीपुढे.

तुम्ही वर आलात, जेवणं झाली. त्याने लबनेचं, म्हणजे तिथल्या चक्क्याचं, श्रीखंड दोनदा मागून घेतलं. तो गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, तो देवांपाशी आला होता म्हणे, कौल बघून काय म्हणाला? मी म्हटलं, "व्हेरी गुड आहे म्हणाला. कायम घरात ठेवा म्हणाला."

तुम्ही आईकडे असं बघितलंत की मी तिथून उठून गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी आल्यावर म्हणालात, तो विचारत होता, मुलीने माझ्यासाठी काही दिलंय का. मी म्हटलं, त्याला माझं चित्र हवं होतं, काढायचं राहिलं. तुम्हाला वाईट वाटलं. पोरीने एवढं साधं काम केलं नाही म्हणून तुम्ही मला रागावलात. माझ्या लहानपणी तुम्ही मला त्या एका चित्रासाठी जेवढं बोललात तेवढं कधीच बोलला नाहीत.

तीन आठवड्यांनी ते झालं. मुलगा होता. आई वाचली. तुम्ही सकाळी घरी आलात, बुटांना वाळू लागलेली, त्याला कुठे ठेवून आलात ते कधी सांगितलं नाहीत. मला जवळ घेऊन म्हणालात, बाळ राहिलं नाही गं. आणि मी विचारलं, "मग मी इथेच राहणार ना?" तुम्हाला वाटलं, मी घाबरलेय. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणालात, "हो बाळा, तुला कुठे पाठवणार नाही."

त्या दिवसापासून तुम्ही देवांपुढे उभे राहिला नाहीत. आई दिवा लावायची, तुम्ही पेपर वाचत बसायचात. एकदाच म्हणालात, लेखी देऊन फसवलंन. देवाने नव्हतं फसवलं, बाबा. सहा वर्षांनी प्लांटवरच तुमचं हृदय बंद पडलं तोपर्यंत मला रोज सांगता आलं असतं. मी भौतिकशास्त्र शिकले, शिकवलं. कागदाने मूल मरत नाही हे मी शंभर वेळा स्वतःला बजावलंय. पण तेव्हा माझा त्या कागदावर तुमच्याइतकाच विश्वास होता. तो वाईट आहे हे ऐकून, तो खरा ठरावा म्हणूनच मी तो तिथे राहू दिला.

हे वाचायला तुम्ही नाही, म्हणून तर तुम्हाला लिहितेय. आई पलीकडच्या खोलीत आहे, नव्वदीला आलीये, अजून चष्मा लावून सगळं वाचते. ती उठायच्या आत मला हे फाडून टाकायचंय.