विमानातली भुई

आबा,

परवा शेजारची मुलगी दारात उभी राहून विचारत होती, "काकू, तुमी बिझनेस क्लासनं आलावता ना? कसं असतं ओ ते?" ती पुढच्या महिन्यात नवऱ्याकडे दुबईला चालली आहे, साध्या तिकिटावर. मी म्हटलं, "सीट रुंद असते." ती वाट बघत राहिली. मग हसून म्हणाली, "सांगायचं नसेल तर राहू द्या." तिचं काही चुकलं नाही. कोपरखैरण्याच्या आमच्या या ओळीत विमानात बसलेल्या बायका एक-दोनच, आणि त्या सीटवर बसलेली मी एकटी. मी कशासाठी गेले होते ते लोक विसरतात, सीट तेवढी त्यांच्या लक्षात राहते. ती गेल्यावर मी गॅस बंद केला आणि वाटलं, कुणाला तरी एकदा सगळं सांगावं. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होत आली. तुम्ही विमान कधी जवळून पाहिलं नाही. तरी तुम्हालाच सांगते, कारण त्या विमानात मी जे केलं ते तुमच्या एका बोलण्यामुळे केलं.

तुमचा नातू गेला, आबा. ज्याला तुम्ही पाठीवर आडवा टाकून "गोणी घ्या, गोणी" म्हणत खोलीभर फिरायचात, तो. त्याचे वडील तुर्भ्याच्या कारखान्यात होते. ते गेल्यावर मी त्याच कारखान्यात पॅकिंगला लागले आणि त्याला शिकवलं. तो कॉम्प्युटरचा इंजिनीयर झाला, अमेरिकेला गेला, आणि तिथल्या दुसऱ्या हिवाळ्यात बर्फावरून त्याची गाडी घसरली. वाण्याच्या दुकानात फोन आला. त्याच्या कंपनीतल्या माणसांनी धावपळ करून मला साध्या सीटवर बसवून नेलं, पण मी पोचले तोवर त्याला थंड खोलीत ठेवून दिवस उलटले होते. मला तोंड दाखवलं, तेही काचेपलीकडून. नंतर एका हॉलमध्ये सगळे कोट घालून खुर्च्यांवर बसले, आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्या मित्रानं एक बटण दाबलं. एवढंच. मी त्याच्या तोंडात पाणी घातलं नाही, त्याला भुईवर घेतलं नाही, अंगावर हळद-कुंकवाचं बोटसुद्धा लावलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक पेटी आणून दिली, आपल्या चहाच्या डब्याएवढी. त्याचा जुना पंचा त्याच्या कपाटात होता, इथूनच नेलेला. त्यात मी ती बांधली.

तेव्हा मला आई गेली तेव्हाची आपली खोली आठवली. मी लहान होते, परकर नेसायच्या वयाची. तिसऱ्या दिवशी मी खाटेवर पाय सोडून बसले आहे आणि पुडीचा कागद वाचते आहे. तुम्ही बाजारातून आणलेल्या पुड्यांच्या कागदांवरच मी अक्षरं जुळवायला शिकले, शाळा कुठली. तुम्ही दारातून आत येता. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, त्या दिवशीही मारलं नाही. म्हणालात, "उतर खाली." मी म्हटलं, "का ओ?" तुम्ही म्हणालात, "आईला भुईवर घेऊन मग न्हेली आपण. तिच्यापरीस वर बसतीस व्हय? धा दिवस भुई सोडायची न्हाई. मान्सं गेली की एवढंच आपल्या हातात ऱ्हातंय." मग तुम्ही घोंगडी टाकलीत आणि मला तुमच्या शेजारी बसवलंत. दहा दिवस तुम्ही एक गोणी उचलली नाहीत. त्याआधी मी तुम्हाला बाजारात हमालीच्या कामावर पाहिलं होतं. गोणी पाठीवरून उतरली तरी तुम्ही लगेच ताठ व्हायचा नाहीत. थोडा वेळ तसेच वाकलेले, हात मोकळे सोडून. मला वाटायचं, तुम्हाला अजून गोणी पाठीवर आहे असंच वाटतंय.

तर मी ठरवलं, बाकी काही माझ्या हातून झालं नाही, हे एवढं तरी करायचं. दहा दिवस गादीवर पाठ टेकायची नाही आणि अस्थींची ती पुरचुंडी, रीत असते तशी, जमिनीला लागू द्यायची नाही. तिथल्या मित्राच्या घरी मी जमिनीवर निजले. त्याची बायको बिचारी रडकुंडीला आली, "काकू, थंडी आहे ओ, बेड रिकामा आहे." पुरचुंडी मी घरात घेतली नाही, त्यांच्या गॅलरीच्या कठड्याला बांधून ठेवली. तिच्यावर बर्फ पडायचा तो सकाळी झटकायची. निघायच्या दिवशी कंपनीचा मोठा साहेब आला, गोरा, वयस्कर. दोन्ही हातांनी माझा हात धरून काही तरी बोलला. त्याचे डोळे भरले होते. मित्रानं सांगितलं, "काकू, कंपनीनं तुमचं तिकीट बदलून घेतलंय. ते म्हणतात, आईंना निदान झोपून जाता येईल." मी हात जोडले. त्या माणसाला काय सांगणार, की बाबा, तू मला नेमकं तेच दिलंस जे मला आता चालत नाही.

विमानात पुढच्या बाजूला आमच्या स्वयंपाकघराएवढ्या जागेत दोन-दोन सीटा. बसल्या बसल्या एका मुलीनं चिमट्यात धरून गरम रुमाल दिला, त्याला अत्तराचा वास. सुतकात अत्तर. मी तो तसाच हातात धरून बसले, तो गार झाला. पुरचुंडी मांडीवर होती. मुलगी हिंदी बोलणारी होती, म्हणाली, "माँजी, ये ऊपर रख दूँ?" मी म्हटलं, "नहीं बेटी, गोद में ठीक है." तिनं विचारलं, "खाने का है?" मी मान हलवली, होही नाही आणि नाहीही नाही. अस्थी आहेत म्हणून कसं सांगायचं? शेजारी लोक जेवणार, पिणार. कुणाला विटाळ वाटायचा, कुणाला भीती. मी पदर ओढून घेतला आणि पट्टा त्यावरून लावला.

मग विमान जागेवरच उभं राहिलं. काही बिघाड होता म्हणे. मागच्या साध्या सीटांवरून पोरं रडताना ऐकू येत होती, आणि आम्हाला पुढे उंच ग्लासातून काही तरी वाटत होते. उडाल्यावर जेवण आलं. मित्रानं शाकाहारी सांगितलं होतं, पण ते चढलंच नव्हतं. मुलगी दिलगीर झाली, पाव आणि उकडलेलं गाजर आणून दिलं, दोन्ही गार, आणि वर केकचा तुकडा. मी गाजर खाल्लं. माझ्याजवळ एक पुस्तक होतं, त्याच्या उशाशी सापडलेलं, मराठी. तो तिकडे मराठी वाचत होता हे मला माहीत नव्हतं. पण माझ्या डोक्यावरचा दिवा लागेना. बाहेर ऊन होतं, तरी त्यांनी खिडक्या ओढून आत रात्र केली. सगळ्यांनी सीटा मागे टाकल्या, पाय वर घेतले. आजूबाजूला सगळे पांघरुणात आडवे, थंड खोलीत ठेवल्यासारखे. माझी सीट मात्र हलेना. बटण दाबलं तर आत कुरकुर वाजायची आणि ती तशीच. खरं सांगते आबा, मला इतकं हलकं वाटलं. वाटलं, पोरानं माझ्यासाठी हे केलं असेल. किंवा तुम्ही.

शेजारी एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, पोट सुटलेले, वाशीचे मसाल्याचे व्यापारी. मूळचे कच्छी, पण जन्म इथला. ते मगाशी बोलता बोलता म्हणाले होते, "मावशी, आपण मार्केटवाले." मी म्हटलं, माझे वडील जुन्या बाजारात हमाल होते. तेव्हा हसून म्हणाले, "अरे, मग तर घरचेच. माझ्या बापाच्या गोण्या उचलल्या असतील त्यांनी." तुम्ही गेल्यावर तो सगळा बाजार उठून इकडे वाशीला आला, आबा, माझ्या घरापासून बसनं जाण्याइतका जवळ. तर त्यांना माझी सीट दिसली.

"मागे जात नाय?"

"राहू द्या भाऊ. मी बसते."

"राहू द्या काय? एवढा लांबचा प्रवास, असं ताठ बसून जाणार? तुमी टेन्शन नका घेऊ. हे लोक बोलल्याशिवाय हलत नाय."

"मला खरंच नको."

"नको कसं? मावशी, तुमी लोक असंच करता. देणारा देतो आन तुमी नको नको करता." आणि त्यांनी घंटी दाबली.

ती मुलगी आली. मग एक गोरा माणूस आला, त्यांचा मुकादम असावा. व्यापारी इंग्रजीत त्याच्याशी भांडले. माझ्यासाठी भांडले, आबा. माझ्यासाठी असं कुणी भांडल्याला किती काळ झाला होता. मी पुन्हा पुन्हा नको म्हणत होते आणि ते सगळे मान डोलावत होते, जणू मी लाजून म्हणते आहे. गोरा माणूस गुडघ्यावर बसला, सीटच्या बाजूला हात घालून काही तरी ओढू लागला. मुलगी म्हणाली, "माँजी, दो मिनट." मी उठायला पट्टा सोडला, आणि तेवढ्यात सीट एकदम सुटली. पाठ मागे पडली, पाय वर आले. मी आडवी झाले आणि पुरचुंडी मांडीवरून घसरून खाली पडली.

आवाज फार झाला नाही. पण पंच्याची गाठ सुटली आणि पेटी बाहेर आली. झाकण लागलेलं होतं म्हणून बरं. पेटीवर त्याचं नाव लिहिलेलं होतं, जन्माचं साल आणि त्याखाली दुसरं साल. दोन्हींत अंतर थोडंच. गोऱ्या माणसानं ते वाचलं. त्यानं उचलायला पुढे केलेला हात मागे घेतला. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. व्यापाऱ्यांनी विचारलं, "कोण, मावशी?" मी म्हटलं, "मुलगा." खाली वाकून त्यांनी पायातले बूट काढले आणि सीटखाली सारले.

मग मी सीटवरून उतरले आणि खाली बसले. दोन सीटांच्या रांगांमध्ये बायका भाजी निवडायला बसतात तेवढी जागा होती. पेटी पुन्हा पंच्यात बांधली, मांडीवर घेतली आणि भिंतीला टेकले. मुलगी हळूच म्हणाली, "माँजी, नीचे अलाउड नहीं है." व्यापारी म्हणाले, "बैठने दो उनको." गोरा माणूस क्षणभर उभा राहिला. मग मुलीला काही तरी सांगून गेला. तिनं एक पांघरूण आणून माझ्या खांद्यावर टाकलं आणि तीही गेली. एकदा विमान हललं तेव्हा पट्ट्याचा दिवा लागला. व्यापाऱ्यांनी माझा दंड धरून ठेवला, तेवढा वेळ, आणि मग सोडला. खालून घरघर येत होती. मी हातानं चाचपून पाहिलं, मऊ गालिचा, त्याखाली पत्रा, त्याखाली काही नाही. तुम्ही म्हणाला होतात भुई सोडायची नाही. तिथे भुईच नव्हती, आबा. जी होती तिच्यावर मी बसले. ते धरलं जातं की नाही, हे विचारायला मला माणूस नाही. इथल्या भटजींना विचारलं तर ते म्हणाले, "प्रवासात चालतं." मला चालतं का ते विचारायचं नव्हतं.

विमानतळावर व्यापाऱ्यांनी माझी बॅग बाहेरपर्यंत आणली. पुरचुंडीला हात लावला नाही. "मावशी, माझी चूक झाली," म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही चांगल्यासाठीच केलंत." ते खरंच होतं, आणि त्यानं काही फरक पडत नाही हेही खरंच होतं. घरी आल्यावर दिरांनी पुरचुंडी सोसायटीच्या बाहेरच्या बदामाच्या झाडाला बांधली. दहाव्याला भेटायला आलेल्या सेक्रेटरीबाई खुर्ची ओढून म्हणाल्या, "काही म्हणा, कंपनीनं मानानं पाठवलं. झोपून आलात. नशीब लागतं." मी घोंगडीवर बसले होते. मग आम्ही गावाकडे जाऊन कृष्णेत विसर्जन केलं. पाणी कमी होतं. राख बराच वेळ खडकाशी अडून राहिली.

दहा दिवस होऊन आता वर्षं झाली, तरी मी खालीच निजते. सूनबाई कधी येणार नाही, नातवंडं येणार नाहीत, पलंगाची गरजही नाही. कुणी विचारलं तर पाठ दुखते म्हणून सांगते. त्याच्या उशाशी सापडलेलं पुस्तक माझ्या उशाशी असतं. मी ते दोनदा वाचलं. तो कुठल्या पानापर्यंत आला होता ते कळत नाही, खूण ठेवलेली नव्हती.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि तुम्हाला वाचायला येत नव्हतं. गावाकडून पत्र आलं की मीच तुम्हाला वाचून दाखवायची. वाईट बातमी असली तर मी ओळ गाळायची. तुम्हाला ते माझ्या आवाजावरून कळायचं. "समदं वाच," म्हणायचात. म्हणून एक राहिलेलं लिहिते. पेटी खाली पडली तेव्हा मी लगेच वाकले नाही. ते तिघं वाट बघत होते, त्यांना वाटलं बाईला धक्का बसला. तसं नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझे हात मोकळे झाले होते, आणि मला बरं वाटलं होतं.