दादाच्या विमानाचं इंजन काढलं

५ जानेवारी
दुपारी अकोल्याहून परत. सोबत दादाचं रिमोटवर उडणारं विमान. पंख वेगळे करून चादरीत गुंडाळले अन् एसटीत मांडीवर घेऊन बसली. कंडक्टर म्हणते, "बाई, हे खरंच उडते?" म्हटलं, उडत होतं.
डॉक्टरनं इंजनाचा धूर बंद केला त्याले दोन वर्षं झाली. वीस वर्षं त्या तेलाच्या धुरात उभा राहून दादानं छाती खराब करून घेतली. तवापासून टीव्हीसमोर बसून असते, पाहत काही नाही. वहिनी म्हणाली, "ताई, चार दिवसांत हे माझ्याशी चार शब्द नाही बोलले." मले फक्त एवढंच म्हणाला, "ने. भंगारात दे."
कायचं भंगार! मोटर बसवते, बॅटरीवर उडवते. म्हणजे उडवन दादाच. मले बनवता येते, उडवता येत नाही. अन् तो असाच बसून राहिला तर एक दिवस... नाही लिहीत.

९ जानेवारी
इंजन काढलं. ते बसते ती समोरची फळी तेल पिऊन पिऊन पार नरम पडलेली. माझ्या शाळेतून खडूचा चुरा आणून चोळला, दोन दिवस ठेवला, तेल काही निघत नाही. शेवटी फळीच कापली, नवी प्लायची बसवली. आता इंजन पुन्हा बसत नाही. दादाले विचारलं नाही.

१४ जानेवारी
मोटर बसली. इंजनापेक्षा हलकी, म्हणून शेपूट खाली जाते. पंखाखाली दोन बोटं लावून तोललं. बॅटरी सरकवत सरकवत पार पुढं, तेलाच्या टाकीच्या जागी नेली तवा कुठं सरळ राहिलं. खूश होऊन दादाले फोन. सगळं सांगून टाकलं.
तो म्हणे, "फळी कापली? कोणाले विचारून?" अन् फोन ठेवला.
संक्रांतीच्या दिवशी तरी गोड बोलावं माणसानं.

१९ जानेवारी
हात धुतले तरी वाटते रक्त आहे.
रुसवा काढू म्हणून विमान घेऊन अकोल्याले गेली. अंगणात ठेवलं, बॅटरी जोडली, मोटर फिरवून दाखवली. दादा उठून आला! वहिनीनं चहाले बोलावलं म्हणून मी आत गेली. एका मिनिटासाठी.
इंजनवाल्यांची सवय. रिमोटची दांडी जराशी वर करायची, मग बोटानं नाकावरचा पंखा फिरवून इंजन चालू करायचं. थांबलेला पंखा त्यांच्यासाठी मेलेला. बॅटरीवाला थांबलेला असला तरी जिवंत असते, दांडी हलली की फिरते, हे मी सांगितलंच नाही. ज्यानं मले सगळं शिकवलं त्याले मी काय शिकवू, असं वाटलं. त्यानं एका हातानं दांडी वर केली, दुसऱ्या हाताचं बोट पंख्यावर.
उजव्या हाताचं पहिलं बोट. सात टाके.
मूर्ख मी! पंखा घरीच काढून न्यायले पायजे होता.
दवाखान्यात वहिनी माझ्याकडं न पाहता म्हणाली, "ताई, तुमी या. ते नका आणू पुन्हा."

२४ जानेवारी
फोन नाही. मीही करत नाही, हिंमत नाही. वर्गात पोरींवर उगाच खेकसली. विमान पलंगाखाली.

२७ जानेवारी
दादाचा फोन! स्वतःहून!
"बॅटरी किती मिनिटं पुरते?"
"आठ."
"मंग सहाव्यालेच उतरवा लागन." अन् मग, "आवाज तं नाही त्याले. मी कानानं उडवत होतो, सुधे. जोर कमी पडला तं मले कसं समजन?"
म्हटलं, नाही माहीत दादा. खोटं काहून बोलू?
बोटाचं विचारलं. "हाये जागेवर," म्हणे. ठेवला.
खूप रडली.

२ फेब्रुवारी
परतवाडा रोडचं पडीक मैदान. इथंच बसून लिहून राहिली.
दादा पहिल्या गाडीनं आला. वहिनीले सांगितलं, ड्रेसिंगले जातो. टाके उद्या निघणार. बोट बांधलेलं, अंगठे मोकळे. "दांड्या अंगठ्यानंच हलवा लागतात," म्हणते.
पंखा शेवटी बसवला. बॅटरी जोडली अन् मी ओरडली, "मागं हो!" जन्मात पहिल्यांदा दादावर ओरडली. तो मुकाट्यानं मागं झाला. मग विचारते, "आता हात लावू का?"
भडभडून आलं मले.
विमान पडलं तर पडलं, लाकूड आहे, चिकटवीन. पण ते पडलं अन् दादा पुन्हा घरी जाऊन तसाच बसला, तर? मले लय भीती वाटून राहिली.
वारा पाहायले तो मैदानाच्या टोकापर्यंत गेला. धाप लागली, थांबला, पुन्हा चालला.
माझा फोन. वहिनी.
"कोण हाये वं?" दादा तिकडूनच.
"वहिनी!"
"उचल. सांग, मी इथी हावो. खोटं नको बोलू." परत आला, रिमोट गळ्यात अडकवला, विमानाकडं पाहत राहिला. मग म्हणते, "पण दहा मिनिटांनी उचल, हे उडून उतरलं की."
फोन वाजून थांबला. आता पुन्हा वाजून राहिला.